नवव्या भोकातले आटे

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. जुन्या गाड्या सुट्या करून परत जोडायच्या, हा आमच्या घरचा धंदा. बाबांनी सुरू केला, आता मी एकटी चालवते. शेडच्या अर्ध्या भागात मी असते, अर्ध्या भागात रंगारी. तो गाड्यांना रंग देतो आणि उरलेल्या वेळात मला चिडवतो. "ताई, गिऱ्हाइकाचं नाव तुमच्या लक्षात राहत नाही, पण बोल्टाचं कूळ-मूळ सगळं पाठ," असं त्याचं म्हणणं. खोटं नाही ते.

माझा हात बसलाय तो आट्यांवर. बोल्टाच्या अंगावर जे वेढे चढत जातात ते आटे, आणि तसेच वेढे भोकाच्या आतून असतात. दोन्ही एकमेकांत घट्ट बसले तर गाडी गाडी राहते. ते गंजले, झिजले, की वरून कितीही रंग चोपडा, सगळं मुसळ केरात. हे मी रंगाऱ्याला दिवसातून एकदा तरी ऐकवते.

बाबांचे दोन नियम होते. पहिला असा, की काढलेला बोल्ट डब्यात टाकायचा नाही. पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढायचं आणि ज्या भोकातला बोल्ट त्याच जागी खोचून ठेवायचा. "इतकी वर्षं एकमेकांशी घासून झिजलेत, आता उतारवयात त्यांना नवी सोयरीक नको," म्हणायचे. दुसरा नियम त्याहून कडक. जुन्या गाडीच्या भोकात टॅप, म्हणजे आटे पाडायचं धारेचं हत्यार, घालायचा नाही. टॅप आटे कापतो, आणि त्या झिजल्या लोखंडात कापायला असतं काय? त्याऐवजी त्याच मापाचा एक जुना बोल्ट घ्यायचा, कानशीनं त्याच्या अंगावर तीन उभ्या खाचा पाडायच्या, रॉकेलमध्ये बुडवायचा आणि हातानं भोकात फिरवायचा. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. गंज, काजळी, जुनं ग्रीस, सगळी घाण खाचांमध्ये गोळा होऊन वर येते आणि लोखंड आपल्या जागी राहतं. असे खाचेचे बोल्ट आमच्याकडे डबाभर होते. तो डबा माझा.

हिरवी गाडी सोमवारी आली, ट्रकवर चढवून. मालक दातांचा डॉक्टर, सात तासांवरच्या गावाहून आलेला. त्यानं बॉनेट उघडलं ते अगदी पेशंटचा जबडा उघडावा तसं, बेतानं. इंजिनाच्या हेडखालून पाणी झिरपतं, म्हणाला.

"आमचा पत्ता कुणी दिला?" मी विचारलं.

"आमच्याकडचे एक मिस्त्री आहेत, ते म्हणाले."

"कोण मिस्त्री?"

तो घड्याळ बघायला लागला. "म्हातारे आहेत हो. आता काम करत नाहीत," एवढं पुटपुटला आणि ट्रकवाल्याबरोबर निघूनही गेला. मीही फार ताणलं नाही. जुन्या गाडीवाल्यांची जगात ओळख असते.

मंगळवारी सकाळी मी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. दहा बोल्ट. पुठ्ठ्यावर दहा जागा आखल्या, एकेक काढून खोचत गेले. नववा बोल्ट निघताना कुरकुरला. भोकात बॅटरी मारली, तर मूळचे आटे कधीच गेलेले. कुणीतरी भोक मोठं करून त्यात बुश, म्हणजे लोखंडाची आखूड नळी, बसवला होता, आणि बुशाच्या आत नवे आटे पाडले होते. काम रीतसर होतं, पण आटे वाकडे. स्वच्छ बोल्ट हातानं आत चढवून बाजूला काटकोन बघायचा गुण्या लावला, तर बोल्ट चक्क मान कलती करून उभा. असा तिरका बोल्ट आवळला की हेड एका अंगाला दाबलं जातं, दुसऱ्या अंगानं पाणी निघतं. सरळ हिशोब.

"कुठल्या आंधळ्यानं केलंय हे?" मी मोठ्यानं म्हणाले.

"तुमच्या तावडीत सापडला नाही म्हणून वाचला," रंगारी पलीकडून म्हणाला.

मी बुशाच्या तोंडाशी बोट फिरवलं आणि माझं बोट तिथेच थांबलं. पहिला आटा अर्धाच होता. भोकाच्या तोंडाशी पहिल्या आट्याची सुरुवात नेहमी कागदासारखी पातळ असते. ती धार मुडपली की बोल्ट आडवा शिरतो. म्हणून हा पहिला अर्धा वेढा कानशीच्या टोकानं खरवडून काढून टाकायचा, म्हणजे बोल्ट थेट जाड आट्याला लागतो. याला वेळ फार लागतो, आणि बाहेरून कुणाला दिसतही नाही. बाबासुद्धा ते करत नसत. करणाऱ्याला ते हसायचे, "याच्या हातात काम द्या, पुढच्या पिढीला मिळेल."

असं करणारा मी आयुष्यात एकच माणूस पाहिला. माझा दादा.

मी बाकी भोकं बघितली. सहाव्यातही बुश होता, जुना, काळा पडलेला. त्यातही पहिला आटा अर्धाच. पण सहाव्यातले आटे सरळ होते, इतके सरळ की बोल्ट नुसत्या बोटानं तळापर्यंत गेला. मी पाटावर बसले. रंगाऱ्यानं काय झालं म्हणून विचारलं, तर त्याच्यावर खेकसले. बिचाऱ्यानं चहा आणून ठेवला आणि आपल्या बाजूला निघून गेला. चहा तसाच राहिला.

बावीस वर्षं झाली दादाला घर सोडून जाऊन. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मला या कामात आणलं ते त्यानंच. बाबांना ते पसंत नव्हतं. पोरीनं ग्रीसमध्ये हात घालायचे नाहीत, असं त्यांचं ठाम मत, आणि चुकलीस तर दुसऱ्या दिवशी घरी बसायचं, या अटीवर त्यांनी मला घेतलं होतं. आई त्याआधीच गेली होती. दादा मला बारकी म्हणायचा. हेड आवळताना तो आकडे म्हणायचा, मी पाना फिरवायची. बोल्ट ठरल्या क्रमानं, तीन फेऱ्यांत आवळायचे असतात. मधला, मग समोरचा, मग तिरका. "चार. सात. एक. जरा दमानं, बारके. दहा." तो गेल्यापासून आकडेही मीच म्हणते आणि पानाही मीच फिरवते. मनातल्या मनात म्हटले तरी चालेल, पण मी मोठ्यानं म्हणते. रंगाऱ्याला वाटतं ही कामाची पद्धत आहे.

तर तो का गेला ते सांगते. एका गिऱ्हाइकाच्या आजोबांची गाडी होती. घरातलं माणूस दवाखान्यात ठेवावं तशी त्यांनी ती आमच्याकडे सोपवली होती. भोकं साफ करायचं काम माझं. मी डब्यातून एक खाचेचा बोल्ट काढला, दांड्याला लावला आणि एकेका भोकात फिरवला. गोड फिरला. इतका गोड की मलाच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः हेड आवळायला बसले. दुसऱ्या फेरीत चौथा बोल्ट फिरला, आणि फिरतच राहिला. आटे भोकातून सोलून आले, तारेसारखे. मग सातवा. मग दुसरा.

डब्यातून मी काढला होता तो खाचेचा बोल्ट नव्हताच. धारेचा टॅप होता, नव्या गाड्यांचा. जाडी तीच, इंचाला आट्यांची संख्या तीच, फक्त आट्याचा उतार किंचित वेगळा. आकडा चुकला असता तर दुसऱ्याच वेढ्याला अडकला असता आणि मला कळलं असतं. उतार वेगळा असला की टॅप अडत नाही, हसतमुखानं आत जातो आणि आट्यांच्या कडा कापून येतो. ग्रीसनं माखले की टॅप आणि खाचेचा बोल्ट सारखेच काळे दिसतात. पण हे सगळं मी स्वतःला सांगण्यापुरतं. खरं असं, की घाणीत मला चकाकी दिसली होती. गंज चकाकत नाही, ताजं कापलेलं लोखंड चकाकतं. दिसली, आणि मी पुढच्या भोकाकडे गेले.

बाबांनी पाना खाली ठेवला. "टॅप कुणी घातला?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "मी."

बस्स, एवढंच. ना सफाई, ना माफी. बाबांचा राग म्हणजे जळतं सरपण, आणि दादाही काही कमी ताठ नव्हता. "माझ्या शेडमध्ये पुन्हा पाय ठेवायचा नाही," बाबा म्हणाले. दादानं हात पुसले, पिशवी घेतली. दारातून जाताना त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तो मला वाचवतोय. त्याला ठाऊक आहे मी केलंय, आणि तो माझ्यासाठी घराबाहेर पडतोय. मी खाली बघितलं. मी एकतीस वर्षांची घोडी होते, लहान नव्हते, आणि मी खाली बघितलं.

दोन दिवसांनी सांगू म्हटलं, बाबांचा राग निवला की. मग आठवड्यानं. मग दादा परत येईलच, तेव्हा त्याच्यासमोर सांगू. रोज उठून सांगायचं ठरवायची आणि रोज गिळायची. बाबा नऊ वर्षांपूर्वी गेले. शेवटचे तीन आठवडे मी त्यांच्या उशाशी होते, आणि तेव्हाही मी सांगितलं नाही.

मला त्याची आठवण येते. आठवण म्हणजे काय, तर काम चांगलं जमलं की मी मान वर करून बघते. वाईट जमलं तर एकटी शिव्या देते, पण चांगलं जमलं की बघणारा कुणी लागतो. लग्न केलं नाही, त्याची खंत नाही. ही मात्र आहे.

डॉक्टरला फोन लावला. तो कुणाच्या तरी तोंडात हात घालून होता, तरी उचलला.

"तुमच्या मिस्त्रींचा नंबर द्या," मी म्हणाले.

"ताई, त्यांनी बजावलंय हो. माझं नाव काढायचं नाही म्हणाले."

"नाव कुठे काढलंत तुम्ही? नंबर मागतेय."

तो घुटमळला. "ते तुमचे कोण लागतात?"

"भाऊ," मी म्हणाले. बावीस वर्षांत हा शब्द मी परक्या माणसासमोर उच्चारला नव्हता. डॉक्टर सावकाश एकेक आकडा सांगत गेला.

नंबर पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर लिहिला. मग धुतलेले बोल्ट परत धुतले. तारेच्या ब्रशनं असे घासले की रंगारी म्हणाला, "ताई, आता त्यांचं कातडं निघेल." मी ब्रश ठेवला आणि फोन लावला. बऱ्याच वेळानं कुणीतरी उचलला आणि आधी घसा खाकरला. तसा घसा खाकरून फोन घेणारा माझ्या ओळखीचा एकच.

जे तोंडात आलं ते असं, "नववं भोक वाकडं पाडलंयस."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "किती?"

"चांगलंच. वॉशर एका कडेवर टेकलाय. पाणी तिथूनच येतंय."

"मला वाटलंच होतं. बोल्ट आत जाताना कुरकुरला. दिसत नव्हतं गं, बारके. साखरेनं डोळे खाल्ले. सवयीनं केलं, म्हटलं हाताला ठाऊक आहे. नाही जमलं. त्यानंतर हत्यार उचललं नाही."

सकाळी मी मोठ्यानं काय म्हणाले होते ते आठवलं आणि मी शेडच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिले. रंगाऱ्यासमोर रडायची माझी तयारी नव्हती.

"सहाव्याचं छान झालंय," मी म्हणाले.

"ते जुनं. तेव्हा दिसायचं."

"दादा, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"थांब, आधी माझं ऐक. नाहीतर धीर जाईल." त्यानं परत घसा खाकरला. "बाबा तिथेच आहेत ना? फोन दे त्यांना."

मी चौकटीचा रंग नखानं खरवडत राहिले. त्याला वाटलं मी कचरतेय.

"रागावतील, रागावू देत. आता नव्वदीला आले असतील. ऐकू येत नसेल तर तू कानात ओरडून सांग. सांग, की तो टॅप दादानंच डब्यात टाकला होता. आदल्या संध्याकाळी मी त्या नव्या गाडीचं काम करत होतो. पुसून जागेवर ठेवायचा कंटाळा केला, समोर तुझा डबा दिसला, टाकला. तू तो खाचेचा बोल्ट समजून उचललास. तुझी काय चूक? त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो ते खरंच होतं, टॅप डब्यात टाकणारा मीच, पण माफी मागितली नाही. मस्ती होती अंगात. ती माफी राहिलीय, बारके. गाडी तुझ्याकडे पाठवली ती त्याच्याचसाठी. म्हटलं, तू भोकात बोट घालशील. घातलंस तर ओळखशील. आणि ओळखूनही फोन नाही केलास, तर समजेन की घरात अजून राग आहे."

बावीस वर्षं मी समजत होते की तो माझा गुन्हा अंगावर घेऊन गेला. आणि तो आपलाच घेऊन गेला होता.

"मला चकाकी दिसली होती," मी म्हणाले.

"काय?"

"घाणीत. लोखंड चकाकत होतं. मला दिसलं होतं, दादा. मी थांबले नाही."

"का नाही थांबलीस?"

"मैत्रिणीबरोबर सिनेमाला जायचं होतं. तीनचा खेळ."

तो हसला. आधी नाकातून, मग पोटातून, पूर्वीसारखा. मीही हसले, दाराच्या चौकटीला धरून. हसू ओसरलं तसा तो म्हणाला, "मी निघालो तेव्हा तू मान खाली घातलीस. मला वाटलं, तूही चिडलीस माझ्यावर. तुझं काम मी नासवलं म्हणून. म्हणून पत्र नाही टाकलं."

"मी चिडले नव्हते."

"मग बोलायचं होतंस ना गं," तो म्हणाला. रागानं नाही, लहान मुलाला विचारावं तसं. मग म्हणाला, "बरं, ते राहू दे. दे फोन बाबांना."

आता टाळणं शक्य नव्हतं.

"बाबा नाहीत, दादा. नऊ वर्षं झाली. कुणाकुणाला विचारून मिळवलेल्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली होती तुला, दोन्ही परत आली. खोली सोडली होतीस तू."

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता. कुणीतरी तो बंद केला. दादा इतक्या हळू बोलला की मला फोन कानाला दाबून धरावा लागला.

"जाताना माझं काही म्हणाले?"

एक उत्तर माझ्या तोंडाशी आलं. म्हणाले होते, तुझी वाट बघत होते, माफ केलं म्हणाले. किती सोपं होतं. डोळे गेलेल्या माणसाला तेवढ्यावर उरलेली वर्षं काढता आली असती. पण गप्प राहून मी एकदा त्याला फसवलं होतं. आता बोलून फसवायचं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "काही म्हणाले नाहीत. मी सांगितलं असतं तर म्हणाले असते. त्यांना एवढंच माहीत होतं की तू नियम मोडलास आणि तोंड वर करून निघून गेलास. माझा हात होता हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही. उशाशी बसून होते, तरी नाही."

त्यानं फोन ठेवला असता तरी मी त्याला बोल लावला नसता. पण श्वास ऐकू येत होता, अडखळत, आणि मी तो ऐकत उभी राहिले.

"दादा, मी उद्या येते," मी म्हणाले. "सकाळच्या पहिल्या गाडीनं."

"आणि डॉक्टरचं इंजिन? उघडं टाकून येणार?"

"झाकून ठेवीन. पडू दे चार दिवस."

"बाबांनी ठोकून काढलं असतं तुला."

"हो."

त्यानं नाक ओढलं. "ये," तो म्हणाला. "पण बारके, तू मला दिसणार नाहीस."

"मी बोलत राहीन," मी म्हणाले.